दस्त्यातली खोबण

धावड्याच्या रामकिसन मिस्त्रींच्या अंगणात दैवशाला आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. खांद्यावर जुन्या गोधडीत गुंडाळलेलं एक लांबट ओझं होतं. मिस्त्री लिंबाखाली बाजेवर बसून चहा पीत होते. त्यांना वाटलं, तिफणीचा दांडा मोडला असेल, नाहीतर खाटेच्या चौकटीचं गातं. दैवशालानं ओझं बाजेवर ठेवलं, गोधडी उलगडली आणि बाजूला उभी राहिली. आत बंदूक होती.

"ही भागुजीची ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"हां. आता माझ्या नावावर झाली."

"तुझ्या?"

"दस्ता खराब झाला, मामा. नीट करून पाह्यजे."

आणखी काही सांगायचंय असं तिच्या तोंडावरून वाटत नव्हतं. दोन वर्षांत गावाला तिच्या या तोंडाची सवय झाली होती.

दैवशालाचं वय एकोणपन्नास. गावाच्या वरच्या अंगाला, जिथं रान डोंगराला भिडतं, तिथं त्यांची चार एकर जमीन आणि पत्र्याच्या दोन खोल्या. ती आणि नवरा अंगद, दोघंच तिथं राहायचे. मुलगा माऊली जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कामाला लागलेला, बायको-लेकरांसह तिकडेच. पावसाळ्यात मका, कपाशी, थोडी मिरची. मका दाण्यावर आला की डोंगरातली रानडुकरं खाली उतरायची आणि खायची कमी, लोळवायची जास्त. त्यासाठीच अंगदच्या बापानं, भागुजीनं, कोण्या काळी पीक राखायचा परवाना काढून ही ठासणीची बंदूक घेतली होती. नळी हैदराबादेकडच्या कुण्या कारागिरानं हातानं ओढलेली, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता इथंच धावड्यात घडवलेला. भागुजीनंतर ती अंगदच्या नावावर झाली. डुकरं मारण्यापेक्षा तिच्या आवाजानं पळवण्याचंच काम तिनं जास्त केलं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, अंगद भोकरदनहून मोटारसायकलवर परत येत होता. दिवस मावळतीला आलेला. गाव दोन-तीन किलोमीटरवर राहिलं असताना एक डुक्कर कपाशीतून निघून रस्त्यावर आडवं आलं. गाडी त्याच्यावर गेली. तीन दिवस अंगद संभाजीनगरच्या दवाखान्यात होता. चौथ्या दिवशी गेला.

दैवशाला रडली नाही. दहाव्याला बाया तिच्या गळ्यात पडून रडल्या, आणि तीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. धक्का बसलाय, रडेल हळूहळू, असं सगळे म्हणाले. वर्ष झालं. ती उठायची, म्हशीचं बघायची, भाकरी टाकायची, रानात जायची. भाजीत मीठ राहिलं तरी तशीच खायची. राहिलंय हे तिला कळायचंच नाही. माऊलीनं जालन्याला नेऊन डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, तिनं त्या वेळच्या वेळी घेतल्या, संपल्यावर बंद केल्या. ती दुःखात होती असंही म्हणता येत नव्हतं. खूप वेळ एका कुशीवर पडून हात बधिर व्हावा आणि तो आपलाच आहे हे दुसऱ्या हातानं चाचपून बघावं लागावं, तसं काहीतरी तिचं सगळ्याच बाबतीत झालं होतं.

अंगद गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. पुढं कचेरीतून कागद आला. माऊली म्हणाला, मला न्हाई पाह्यजे ती बला, देऊन टाकू सरकारला. दोघं मायलेकरं मिळून सही करायला गेले. कारकुनानं विचारलं, "काय करायचं? कायमची जमा करायची का वारसाच्या नावानं करायची?" माऊलीनं तोंड उघडायच्या आधीच दैवशाला म्हणाली, "माझ्या नावानं करा." का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग जबाब, चौकशी, चालवता येते याचा दाखला, मधे दोन निवडणुका. चुलत दीर म्हणाले, "वहिनी, झटका मशीन लावा ना तारेला, बंदुकीचं काय खूळ." ती हो म्हणाली आणि पुढच्या तारखेला कचेरीत गेली. शेवटी परवान्याच्या पुस्तकात तिचा फोटो लागला आणि बंदूक हातात आली. दस्त्याचा काळा रंग पापुद्र्यासारखा सुटलेला, खालून पांढरी बुरशी, मुठीजवळ बोटभर चीर.

रामकिसन मिस्त्रींनी दस्त्यावरून हात फिरवला. हात थरथरत होता. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, गेली तीन वर्षं त्यांनी रंधा धरला नव्हता. मुलगा पुण्याला फर्निचरच्या कामावर, घरी ते आणि सून सुरेखा.

"हा दस्ता माझ्या बापानं केलाय," ते म्हणाले. "मी ल्हान व्हतो तवा. शिसवीचा ओंडका व्हता, दोन वर्षं माळ्यावर वाळत टाकल्ता. पर दैवशाला, माझ्या हातून आता व्हायचं न्हाई. बघ की." त्यांनी हात पुढं केला. "भोकरदनला टाक कुणाकडं."

"टाकता येत न्हाई. कुणाकडं सोडायची न्हाई म्हणून सांगितलं ठाण्यात. जिथं बंदूक तिथं मी पाह्यजे."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "मंग तूच कर. मी बसून सांगतो."

दैवशालानं पदर खोचला आणि बाजेसमोर पोतं टाकून बसली.

पहिल्या दिवशी लोखंड वेगळं केलं. नळीच्या कड्या काढल्या, घोडा-चाप सोडवला, एकेक स्क्रू मिस्त्री सांगतील तसा कपड्यावर ओळीनं मांडला. नळी गोधडीत गुंडाळून तिनं मांडीखाली घेतली. ती तिथंच राहिली. जेवायला उठली तरी काखेत. सुरेखाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. मग रंग काढायचं औषध ब्रशनं लावलं. काळा ऑइलपेंट फुगला, सुरकुतला, आणि पत्रीच्या पातळ पात्यानं ओढला की चिकट डांबरासारखा निघू लागला. वासानं सुरेखानं नाकाला पदर लावला. दैवशालाला वास येत होता, पण त्याचं काही वाटत नव्हतं.

"तू डावखुरी हाय काय गं?" मिस्त्रींनी विचारलं.

दैवशालानं हाताकडे बघितलं. पत्री डाव्या हातात होती. "हां," ती म्हणाली, आणि सवयीनं पत्री उजव्या हातात घेतली.

"राहू दे, राहू दे. डाव्यानंच कर. लाकडाला काय."

लहानपणी तिच्या आईनं डावा हात चटके देऊन सोडवायचा प्रयत्न केला होता. लग्नानंतर सासू सोनूबाईनं जेवण वाढताना, हळदीकुंकू लावताना, पाटावर बसताना टोकून टोकून उजवा हात पुढं करायची सवय लावली. चारचौघांत ती सगळं उजव्यानं करायची. एकटी असली की डाव्यानं. तिनं पत्री परत डाव्या हातात घेतली. दुपारपर्यंत वरचा थर निघाला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खिडकीची फुटकी काच आणायला लावली. तिचा सरळ कडेचा तुकडा निवडला, मागून फडकं गुंडाळलं. "आता हिनं तास. पॉलिश पेपर मागून. काच लाकडाचं नुसतं कातडं काढती, मांस काढत न्हाई. आडवी धरू नको, जरा तुझ्याकडं कलती धर. रेषा बघून चाल. रेषेच्या उलट गेली की लाकूड उचकतं."

काच ओढली की कर्रर्र असा बारीक आवाज यायचा आणि कागदाहून पातळ सालपटं निघायची. काळ्याखालून तपकिरी, तपकिरीखालून जांभळट शिसवीचा रंग वर यायला लागला. मधेच मिस्त्री डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "तिथं दाब जास्ती देऊन राह्यली." ते बरोबर असायचं.

डाव्या अंगाचं लाकूड साफ झालं. उजवं अंग घेतलं तेव्हा नेम धरताना गाल टेकतो त्या जागी वेगळाच रंग लागला. शिसवी नव्हती. फिकट, भुरकट, तळहाताएवढा लांबोडका पट्टा. दैवशालानं काच बाजूला ठेवली आणि ओल्या फडक्यानं पुसलं. पट्ट्याच्या कडेनं ओळीनं दाबल्याच्या खुणा होत्या, करंजीची कड दाबावी तशा. अंगठ्याच्या. रुंद अंगठा. आणि प्रत्येक खुणेत वरच्या बाजूला एक उभी रेघ.

अंगदच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. लहानपणी कुऱ्हाड बसली होती, ते कधी नीट आलंच नाही.

"यांचा अंगठा हाय हा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी चष्मा लावून बघितलं. मग नखानं कडा खरवडून बघितली. "सरसात भुसा कालवून लिंपलाय. अंगदनं भरला आसंल. पर काहून भरला?" असं म्हणताना त्यांना एकदम आठवलं. "अगं, भागुजी डावा व्हता. तुझा सासरा. डाव्या खांद्याला बंदूक लावायचा तो. माझ्या बापानं त्याचा डावा गाल बराबर बसावा म्हणून उजव्या अंगाला खोबण काढल्ती. दोनदा बोलावून गाल लावून बघितल्ता. मी पाह्यलंय ना माझ्या डोळ्यानं. सगळा दस्ताच जरा त्या बाजूला मुरडलाय, बघ, वरून बघ."

दैवशालानं वरून बघितलं. दस्ता खरंच किंचित वळलेला होता. ती लग्न होऊन आली त्याच्या चार वर्षं आधीच भागुजी गेलेला. सासरा डावा होता हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"यांचं गालफाड सुजायचं," ती म्हणाली. "बार काढला की दोन दिवस सुजलेलं ऱ्हायचं."

"सुजणारच. अंगद उजवा. त्याला हे आख्खं लाकूड उलटं. आन ही खोबण त्याच्या काही कामाची न्हाई, वरून बेढब दिसती. म्हणून लिंपून वर काळा रंग मारला." मिस्त्रींनी दस्ता तिच्या हातात परत दिला. "हे काढावं लागंल. खाली पाणी मुरलंय, तिथूनच बुरशी चढली. काढ. मंग वाटलं तर दुसरं भरू."

त्यांनी तिला पटाशी दिली. खरं तर ते थोडे थांबले होते, ती काही म्हणते का बघत. तिनं पटाशीचं टोक कडेला लावलं आणि लाकडी हातोडीनं हलके ठोके दिले. सरस वाळून फटकला होता. चौथ्या-पाचव्या ठोक्याला सगळा पट्टा एकसंध सुटून तिच्या मांडीवर पडला. खाली गुळगुळीत, उथळ खोबण होती, पसाभर पाणी राहील एवढी. मिस्त्रींच्या बापाच्या हातची.

"लावून बघ," मिस्त्री म्हणाले.

तिनं दस्ता डाव्या खांद्याला लावला आणि मान कलती केली. गाल खोबणीत बसला.

"बसला?"

"बसला."

तिनं तो खाली घेतला आणि काच उचलली. संध्याकाळी जाताना अंगण झाडलं. सालपटं, रंगाचे पापुद्रे, फडकी, सगळं घमेल्यात भरून ते चुलीपाशी नेऊन ठेवलं. तो पट्टाही त्यातच गेला. तिनं तो पाहिला होता. हातानं उचलून घमेल्यात टाकला होता. टाकताना तो कचराच होता.

मधले दोन दिवस ती आली नाही. हरभरा काढायला आला होता आणि मजूर मिळत नव्हते. ती एकटीच सकाळच्या गारव्यात हरभरा उपटत होती. तिसरी ओळ चालू असताना तिचा डावा हात हवेतच थांबला. घमेलं आठवलं. तिनं हातातली पेंडी खाली ठेवली आणि तशीच निघाली. खोलीला कुलूप आहे ना, पेटीत बंदूक आहे ना, हे वाटेत आठवलं म्हणून मागं वळून बघून आली, आणि परत निघाली. दीड कोसाची वाट. ती धावली नाही, पण पायांत चप्पल नाही हे तिला मिस्त्रींच्या अंगणात पोचल्यावर दिसलं.

सुरेखा भांडी घासत होती.

"ते घमेलं कुठंय?" दैवशालानं विचारलं.

"कोणतं?"

"परवाचं. सालपटाचं."

"ते तर बंबात घातलं की, काकू. पाणी तापवायला." सुरेखानं तिच्या पायांकडं बघितलं. "काही व्हतं काय त्यात?"

अंगणाच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब होता. नळीतून थोडा धूर येत होता. दैवशाला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"त्या पाण्यानं कोण न्हालं?" तिनं विचारलं.

सुरेखा गोंधळली. "मामंजी न्हाले. परवा."

मिस्त्री आतून बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि समजलंही होतं. सुरेखाला त्यांनी हातानं आत जायची खूण केली, पण दैवशालानं तिला थांबवलं. "राहू दे तिला. तिचं काय चुकलं. मीच टाकलं. मी माझ्या हातानं टाकलं, मामा. मला दिसत व्हतं ते काय हाय."

ती बंबाजवळच्या दगडावर बसली. आणि मग, कुणी काही न विचारता, ती बोलायला लागली. आवाज तोच, सपाट.

"दवाखान्यात शुद्धीवर व्हते हे. तीन दिवस बोलत व्हते. माऊलीला वाटलं, काही सांगतील. जमिनीचं, कुणाचं. पर एकच विचारायचे. ते डुक्कर जगलं का मेलं? मी म्हणलं, मला काय म्हाईत. परत थोड्या वेळानं, दैवशाला, ते डुक्कर उठलं का गं? नर्सला विचारलं. डॉक्टरला विचारलं. तिसऱ्या दिवशी मी म्हणलं, उठलं, गेलं पळून. मंग विचारलं न्हाई. डोळे मिटून पडले. सकाळी गेले." तिनं पायाला लागलेली माती दगडावर घासली. "खोटं सांगितलं मी. मेलं व्हतं ते. माऊलीनं पाह्यलं व्हतं रस्त्याच्या कडेला. मला काहून वाटलं, जगलं म्हणावं? आन त्यांना जगलेलं पाह्यजे व्हतं का मेलेलं, ते पण कळलं न्हाई मला. तीस वर्षं डुकरं हाकलली त्यांनी. काय ऐकायचं व्हतं त्यांना?"

मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसले. सुरेखा हातातलं पातेलं तसंच धरून उभी होती. थोड्या वेळानं ती आत गेली, चहा करून आणला. दैवशालानं कप तोंडाला लावला आणि म्हणाली, "साखर लई झाली."

"थोडी जास्तीच पडली," सुरेखा म्हणाली.

त्या दिवशी दैवशाला सुरेखाच्या चपला घालून घरी गेली. हरभरा अर्धा तसाच राहिला. ती खोलीत जाऊन जमिनीवर आडवी झाली आणि दिवसाउजेडी झोपली, म्हैस ओरडेपर्यंत. उठली तेव्हा गालाखालची चटई ओली होती. रडली होती की घाम होता, तिला सांगता आलं नाही. तिनं चटई उन्हात टाकली.

त्यापुढचं काम आणखी अकरा दिवस चाललं. ती सकाळी यायची, बंदूक खांद्यावर. गावातल्या पोरांनी दोन दिवस पाठलाग केला, मग त्यांनाही कंटाळा आला. मिस्त्रींनी मुठीजवळच्या चिरेत पातळ सरस सोडायला लावला, सुतळीनं आवळून दोन दिवस सावलीत ठेवायला सांगितलं. जिथं लाकूड दबून खळगे पडले होते तिथं ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवायची. वाफेनं लाकूड फुगून वर यायचं. पहिला खळगा वर आला तेव्हा सुरेखाला नवल वाटलं. "असं हुतंय?" ती म्हणाली. मिस्त्री म्हणाले, "दबलेलं येतं वर. तुटलेलं न्हाई येत." मग जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक वेळी दस्ता ओला करून वाळवायचा, उभे राहिलेले रोम परत घासायचे.

उजव्या अंगाच्या खोबणीशी ते पोचले तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, "मंग? भरायची का ठेवायची?"

दैवशालानं खोबणीवरून बोट फिरवलं. "ठेवा," ती म्हणाली. मग म्हणाली, "यांनी भरली ती बराबरच व्हती. त्यांच्या परीनं."

"बराबरच," मिस्त्री म्हणाले.

लाखेचं पॉलिश लावावं असं सुरेखाचं म्हणणं होतं, आरशासारखं चकाकतं म्हणून. मिस्त्री नको म्हणाले. रानात वापरायची वस्तू, जवसाचं तेल पाजावं. दैवशालानं घरच्या जवसाचं तेल भोकरदनच्या घाण्यावरून काढून आणलं. मिस्त्रींनी ते मंद आचेवर उकळून दिलं. चार थेंब तळहातावर घ्यायचे आणि लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं. रोज एक हात. पहिले तीन दिवस लाकूड नुसतं तेल पीत राहिलं, वर काही दिसेना. चौथ्या दिवसापासून शिसवीतल्या काळ्या-जांभळ्या रेषा पाण्याखालच्या वाळूसारख्या दिसायला लागल्या. तिचे तळवे पिवळे झाले. भाकरी थापताना पिठाला जवसाचा वास यायचा. तो तिला यायचा. आवडायचा नाही, पण यायचा.

शेवटच्या दिवशी तिनं लोखंड परत बसवलं. एकेक स्क्रू जिथल्या तिथं. मिस्त्रींनी बंदूक हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि बापाच्या कामाकडे बघत बसले. पैशाचं ती विचारायला लागली तर त्यांनी मान हलवली. ती दुसऱ्या दिवशी पायलीभर हरभरा आणून सुरेखाच्या हाती देऊन गेली.

एप्रिलमध्ये ठाण्यात तपासणी झाली. हवालदारानं नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून बघितला, वहीत लिहिलं, आणि सहज म्हणाला, "नवीन घेतली काय, बाई?"

"न्हाई. तीच हाये."

"दस्ता छान हाय."

"हां," दैवशाला म्हणाली आणि बंदूक गोधडीत गुंडाळली.

पावसाळा सुरू झाला. मका पेरला, उगवला, खुरपला. चुलत दिरांनी त्यांच्या तारेला झटका मशीन लावलं, तिच्याही बांधाकडची एक बाजू त्यात आली. गणपती उठल्यावर कणसं भरायला लागली. एक दिवस संध्याकाळी, अजून चांगला उजेड असताना, ती म्हशीला पाणी दाखवत होती तर मक्याच्या पलीकडच्या टोकाला ताटं हलताना दिसली. वारा नव्हता. पाच-सहा डुकरं होती, एक मोठी मादी आणि बाकी पट्टेरी पिलं.

ती खोलीतून बंदूक घेऊन आली. दाखल्याच्या वेळी शिकवलं होतं तसं सगळं सावकाश केलं. बांधावर उभी राहिली, दस्ता डाव्या खांद्याला लावला. मादी तोंड वर करून हवा हुंगत होती. दैवशालानं नळी उचलली, डुकरांच्या डोक्यावरून डोंगराकडे धरली आणि चाप ओढला.

आवाज डोंगरावर आपटून परत आला. तिच्यासमोर धुराचा पडदा झाला. तो विरला तेव्हा मका स्थिर होता आणि वरच्या खडकाळ उतारावर पिलं एकामागं एक पळताना दिसत होती. ती शेवटचं पिलू दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. खाली जाऊन बघितलं, दहा-बारा ताटं मोडली होती. त्यांचा चारा करून तिनं म्हशीला टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माऊलीचा फोन आला. चुलत्यांनी रात्रीच कळवलं होतं त्याला.

"आई, बार काढला म्हणं तू."

"काढला."

"लागलं तर न्हाई कुठं?"

तिनं पदर सरकवून खांदा बघितला. काखेच्या वर निळसर डाग उठला होता, मोठ्या लिंबाएवढा. गालाला काही नव्हतं. तिनं डागावर बोट दाबलं, मग जरा जोरात दाबलं.

"आई? हायेस का?"

"खांद्याला लागलं थोडं. दुखून राह्यलंय." मग म्हणाली, "लई दुखतंय रे."

"तेल लाव. मी येऊ का रविवारी?"

"ये. सुनेला, लेकरांना घेऊन ये. मक्याला अजून महिना हाय, पर काकड्या लागल्यात बांधावर. आन येताना मिस्त्रीमामांना चष्म्याची फ्रेम पाह्यजे, त्यांची मोडली. ते नंबराचा कागद देतो म्हणले, तो सुरेखा फोनवर पाठवंल तुला. जुन्यासारखीच आण, गोल."

आई फोनवर एवढं बोललेली माऊलीला अडीच-तीन वर्षांत आठवत नव्हती. मग त्यानं विचारलं, काकड्या कोवळ्या आहेत का, आणि ती सांगू लागली.